वरोऱ्याची खदान बंद झाली, रूळ राहिले



गेल्या महिन्यात आमच्या ग्रामसंघाची बैठक झाली. बचतीचे हप्ते जमा झाले, सह्या-अंगठे झाले, चहाही झाला. उठायच्या वेळी एक ताई म्हणाल्या, "एक विचारू का? आमचे डबे ज्या खदानीत जातात, तिथला कोळसा आता थोड्याच वर्षांचा राहिला म्हणतात. खदान बंद झाली तर आम्ही काय करायचं?"

आमच्या दोन गटांचा सगळा कारभार त्या डब्यांवर आहे. पहाटे चारला चूल पेटते, सातच्या आत पोळी-भाजीचे डबे भरून निघतात. गटाच्या वहीत दहा रुपये जमा झाले तर त्यातले सात डब्यांचे असतात. त्यामुळे प्रश्न ऐकून सगळ्या गप्प झाल्या. आम्ही समन्वयक म्हणून पुढे बसलो होतो, पण आमच्याकडेही उत्तर नव्हतं.

तेव्हा कोपऱ्यातल्या एक आजी म्हणाल्या, "वरोऱ्याची खदान बंद झालीच होती ना? आमच्या सासऱ्यांचे वडील सांगत. ही रेल्वे त्याच खदानीसाठी आली होती. खदान गेली, गाडी अजून चालूच आहे."

आम्ही या लाइनीच्या अंगाखांद्यावर वाढलो. गाडीच्या आवाजावर वेळ ओळखतो. पण ही लाइन मुळात कोळशाची म्हणून टाकली होती, हे आमच्यातल्या निम्म्याजणींना माहीत नव्हतं. मग आम्ही वाचनालयातून जुनी जिल्हा गॅझेटिअर आणि रेल्वेची पुस्तकं काढली, आपसात वाटून वाचली. त्यातून जे समजलं ते आज तुम्हाला सांगतो. ताईंच्या प्रश्नाकडे शेवटी परत येऊ.

गाडी आधी वर्ध्याला आली

आपल्या देशातली पहिली प्रवासी गाडी १८५३ मध्ये मुंबईहून ठाण्याला गेली. तीच कंपनी, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, लोक तिला जीआयपी म्हणत, रूळ टाकत टाकत पूर्वेकडे सरकली. भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा असं करत १८६७ मध्ये ती नागपूरला पोचली. वर्धा शहर त्याच्या आदल्याच वर्षी, १८६६ मध्ये, पालकवाडी नावाच्या गावाच्या जागी वसवलं होतं.

इतक्या घाईने गाडी विदर्भात आणण्याचं मोठं कारण कापूस. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. मग त्यांची नजर वऱ्हाड आणि वर्ध्याच्या काळ्या मातीकडे वळली. हिंगणघाटचा कापूस तर तेव्हा विलायतेपर्यंत नावाजलेला होता. पण बंडीने कापूस मुंबईला न्यायचा म्हणजे महिने जायचे, आणि पावसाळ्यात तर काळ्या चिखलात बंडीचं चाक आसापर्यंत रुतायचं. ते आपल्याला कोणी सांगायला नको.

गाडी आली, पण गाडीला खायला काय? इंजिनाची भट्टी कोळशाने पेटते. कोळसा मिळायचा दोन ठिकाणांहून. एक इंग्लंडहून जहाजाने मुंबई बंदरात. दुसरा बंगालमधल्या राणीगंजहून. नागपूर-कलकत्ता हा सरळ रस्ता तेव्हा नव्हता, तो १८९१ मध्ये झाला. १८७० पासून अलाहाबाद-जबलपूरवरून मोठा वळसा घालून गाडी येऊ लागली. म्हणजे राणीगंजचा कोळसा आपल्याकडे आणायचा तर कोळशापेक्षा भाडंच जड. कुठे कुठे लाकूड जाळून इंजिनं चालवत, त्यात जंगलं साफ होत. त्यामुळे रुळाच्या जवळपास कोळसा सापडला तर सोन्याहून पिवळं, अशी स्थिती होती.

काळ्या मातीखाली काळा दगड

कोळसा सापडला वर्धा नदीच्या खोऱ्यात, चांदा जिल्ह्यात. आजच्या चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत.

कोळसा म्हणजे मुळात झाडंच. पंचवीस कोटी वर्षांहूनही आधी इथे दलदल आणि दाट रान होतं. झाडं पडली, चिखल-वाळूखाली गाडली गेली, वरच्या ओझ्याने आणि उष्णतेने दबत दबत त्यांचा काळा दगड झाला. कोळशाचा हा थर भाकरीच्या चळतीत मधेच एखादी करपलेली भाकरी असावी तसा इतर खडकांच्या मधे असतो. नदीने काठ कापला की कुठे कुठे तो उघडा दिसतो, बाकी सगळा जमिनीच्या पोटात.

सरकारच्या भूगर्भ खात्याच्या माणसांनी ठिकठिकाणी भोकं पाडून हा थर कुठे किती जाड आहे ते तपासलं. ह्यूज नावाच्या साहेबाने या खोऱ्याचा सविस्तर अहवाल लिहिला, तो १८७७ मध्ये छापला गेला. त्याच्या आधीच, १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला, सरकारने वरोऱ्याला स्वतःची खदान उघडली होती.

पंचेचाळीस मैलांचा फाटा

खदानीतून कोळसा वर आला, पण तो वर्ध्याच्या मुख्य लाइनीपर्यंत न्यायचा कसा? हिशेब करून बघा. काळ्या मातीच्या वाटेवर एक बंडी अर्धा टन ओझं ओढते असं धरू. वरोरा ते वर्धा म्हणजे पंचेचाळीस मैल, आजचे सुमारे ७२ किलोमीटर. बैल दिवसाला वीसेक किलोमीटर चालले तर जायला चार दिवस, यायला चार दिवस. मालगाडीचा एक डबा दहा टनांचा धरला तर एका डब्याला वीस बंड्या लागतील. तीस डब्यांची एक गाडी भरायला सहाशे बंड्या आणि बाराशे बैल. एवढ्या बैलांचा कडबा आणि पाणी कुठून आणणार? वर जे इंजिन दोन-तीन तासांत करतं त्याला आठ दिवस लागणार.

म्हणून सरकारने वर्ध्याहून हिंगणघाटवरून वरोऱ्यापर्यंत रेल्वेचा फाटा टाकला. १८७० च्या दशकातच तो वरोऱ्याला पोचला. त्याचं नावच होतं वर्धा कोल स्टेट रेल्वे. 'कोल' म्हणजे कोळसा. 'स्टेट' का, तेही समजून घेऊ.

त्याआधी रेल्वे बांधायचं काम विलायतेतल्या कंपन्या करत. सरकार त्यांना लेखी हमी देई की तुम्ही घातलेल्या भांडवलावर पाच टक्के नफा मिळेल, कमी पडला तर आम्ही भरून देऊ. हे भरून द्यायचे पैसे कुठून येत? इथल्या शेतसाऱ्यातून. म्हणजे गाडी तोट्यात गेली तरी कंपनीचं नुकसान नाही, भुर्दंड रयतेला. आपल्या गटात असा नियम कोणी मांडला तर आपण त्याला दारातूनच परत पाठवू. हा खर्च डोईजड झाला तेव्हा, १८६९ च्या सुमारास, सरकारने काही लाइनी स्वतःच बांधायच्या ठरवल्या. आपला वरोऱ्याचा फाटा त्या पहिल्या काही सरकारी लाइनींपैकी एक.

आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची. तेव्हा सरकार पैसे वाचवायला बऱ्याच ठिकाणी अरुंद, मीटरभर रुंदीचे रूळ टाकत होतं. वरोऱ्याचा फाटा मात्र मुख्य लाइनीसारखाच रुंद, ब्रॉडगेज टाकला. त्यामुळे वरोऱ्याला भरलेला डबा वर्ध्याला रिकामा करून दुसऱ्या डब्यात भरावा लागत नसे. तोच डबा पुढे मुंबईकडे नाहीतर नागपूरकडे जाई. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा उपयोग आहे.

खदानीच्या पोटात

त्या काळची खदान आजच्यासारखी उघडी नव्हती. आज आपण बघतो ती ओपनकास्ट, म्हणजे वरची सगळी माती काढून केलेला प्रचंड खड्डा. तेव्हा विहिरीसारखं खोल भोक पाडत, त्यातून खाली उतरत, आणि खाली आडव्या गल्ल्या खोदत कोळसा काढत. वरचं छत कोसळू नये म्हणून मधे मधे कोळशाचेच जाड खांब सोडत. धान्याच्या बळदात मधे खांब असतात तसे. जेवढे खांब जाड तेवढं छत भक्कम, पण तेवढा कोळसा खालीच राहतो. खांब बारीक केले की कोळसा जास्त मिळतो आणि वरची जमीन खचायची भीती वाढते.

दुसरा त्रास पाण्याचा. खाली झरे फुटतात, ते पंपाने सतत उपसावे लागतात. तिसरा त्रास आगीचा. वर्धा खोऱ्यातल्या कोळशात ओलावा जास्त. त्याला वारा लागला की तो आतून गरम होत जातो आणि काडी न लावताच धुमसायला लागतो. ओला कडबा रचून ठेवला की गंजी आतून तापते, तसंच. चंद्रपूरकडच्या सख्यांनी धुमसणारे कोळशाचे ढीग स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले असतील.

टोपली कोणाच्या डोक्यावर

वाचताना आम्ही एक गोष्ट शोधत होतो. खदानीत बाया होत्या का? जुन्या अहवालांत टन आहेत, फूट आहेत, रुपये-आणे आहेत. बाई असली तर एका आकड्यात असते, नावाने कुठेच नसते.

पण देशाचा हिशेब स्पष्ट आहे. १९२० च्या सुमारास कोळसा खदानींत काम करणाऱ्या दर तीन माणसांमागे एक बाई होती. बंगाल-बिहारच्या खदानींत बहुतेक नवरा-बायको जोडीने उतरत. तो कुदळीने कोळसा पाडायचा, ती टोपली भरून डोक्यावर घेऊन गाड्यापर्यंत न्यायची. किती कोळसा भरला यावर मजुरी, आणि ती जोडीची म्हणून बहुधा नवऱ्याच्या हातात.

१९२९ मध्ये सरकारने नियम केला की बायांनी जमिनीखाली काम करायचं नाही. बंगाल, बिहार आणि आपल्या मध्य प्रांतातल्या कोळसा खदानींना मुदत दिली, दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बाया कमी करा. अंधार, पाणी, बाळंतपणाच्या अडचणी, हे सगळं खरंच होतं. काम धोक्याचं होतं यात शंका नाही. पण ज्या बायांचा रोजगार गेला त्यांना दुसरं काम द्यायची सोय त्या नियमात नव्हती. घरातली मजुरी निम्मी झाली, खाणारी तोंडं तेवढीच.

पुढे दुसरं महायुद्ध आलं, कोळसा कमी पडायला लागला, मजूर मिळेनात. तेव्हा १९४३ मध्ये तीच बंदी उठवली. बायांना परत खाली बोलावलं. युद्ध संपलं आणि १९४६ मध्ये पुन्हा बंदी. १९५२ च्या खाण कायद्यात ती कायम झाली. २०१९ मध्ये सरकारने नियम सैल केले. त्या नियमांनुसार तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामासाठी बाई तिच्या लेखी संमतीने भूमिगत खदानीत जाऊ लागली. आज खाणकामाचं शिक्षण घेतलेल्या मुली तिथे अधिकारी म्हणून उतरतात. तुमची मुलगी विज्ञान शिकत असेल तर हे तिच्या कानावर घाला.

आमच्या बैठकीत हे वाचून दाखवलं तेव्हा एक सखी म्हणाली, "गरज असली की बोलवायचं, गरज सरली की घरी पाठवायचं. यात आपल्याला कोणी विचारलंच नाही." तिने बरोबर दुखण्यावर बोट ठेवलं.

टाटांनी तपासलेला कोळसा

वरोऱ्याच्या कोळशाची एक गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक आहे. १८७७ च्या जानेवारीत जमशेटजी टाटांनी नागपूरला एम्प्रेस मिल सुरू केली. पुढे १८८२ मध्ये फॉन श्वार्ट्झ नावाच्या जर्मन तज्ज्ञाचा अहवाल त्यांच्या हाती पडला. चांदा जिल्ह्यात लोहारा इथे उत्तम लोखंडाचा दगड आहे आणि वरोऱ्याचा कोळसा त्याला जवळ आहे, असं त्यात होतं. टाटांच्या मनात आलं, देशाचा पोलाद कारखाना इथेच का होऊ नये?

त्यांनी वरोऱ्याच्या कोळशाची तपासणी करून घेतली. तो या कामाला चालेना. लोखंड वितळवायला साधा कोळसा पुरत नाही, आधी तो भाजून त्याचा कोक करावा लागतो. कोक म्हणजे कडक, न भुगा होणारा, जास्त आच देणारा कोळसा. काही जातीच्या कोळशाचाच कोक होतो, जसा काही जातीच्या तांदळाचाच मऊ भात होतो. वर्धा खोऱ्यातला कोळसा त्या जातीचा नाही. शिवाय खाणपट्ट्याच्या सरकारी अटीही तेव्हा जाचक होत्या. बेत बारगळला. टाटांची पोलाद कंपनी अखेर १९०७ मध्ये स्थापन झाली आणि कारखाना साकचीला उभा राहिला, ते आजचं जमशेदपूर.

नुसता कोळसा असून भागत नाही, कोणत्या कामाचा कोळसा हे बघावं लागतं. वरोऱ्याचा कोळसा इंजिनाला आणि बॉयलरला चालला, पोलादाला नाही. एकाच गिऱ्हाइकाला चालणारा माल फार दिवस साथ देत नाही.

१९०६

तीसेक वर्षं वरोऱ्याची खदान चालली आणि १९०६ मध्ये सरकारने ती बंद केली.

ज्या खदानीच्या नावाने रेल्वे आली, जिच्यामुळे वरोरा हे लाइनीचं शेवटचं स्टेशन झालं, ती खदान संपली. तिथे काम करणाऱ्यांचं पुढे काय झालं, कोण गावी परतलं, कोण बल्लारपूरच्या नव्या खदानीकडे गेलं, कोण शेतमजुरीला लागलं, हे कोणी लिहून ठेवलं नाही. खदानीची वही बंद झाली की मजुराची गोष्टही बंद होते.

आता फाट्याचा विचार करा. फक्त कोळशासाठी टाकलेली लाइन, आणि कोळसाच नाही. अशा वेळी रूळ उखडून दुसरीकडे नेतात. खदानीच्या पोटात गेलेल्या साइडिंगा, म्हणजे मुख्य लाइनीपासून माल भरायच्या जागेपर्यंत जाणारे तुकडे, बहुतेक ठिकाणी असेच उखडले जातात. त्या जागेवर बाभळी उगवतात आणि पुढच्या पिढीला तिथे काय होतं ते कळतही नाही. वरोऱ्याचा फाटा मात्र राहिला. का राहिला, हाच आमच्या बैठकीतला खरा प्रश्न झाला.

रूळ का राहिले

पहिलं कारण, त्या लाइनीवर कोळशाशिवायही माल होता. मधे हिंगणघाट होतं. तिथे कापसाचा बाजार होता, जिनिंग-प्रेसिंग होतं, पुढे कापडगिरण्या आल्या. वरोऱ्यालाही कापूस आणि धान्य येई. कोळशाचे डबे कमी झाले तरी कापसाच्या गाठींचे डबे भरतच होते. सोनेगाव, नागरी अशा लहान स्टेशनांवर माणसं चढत-उतरत होती.

दुसरं कारण, लाइन पुढे वाढवता आली. वरोऱ्याच्या पुढे माजरी, भांदक, चांदा, बल्लारशा असा कोळशाचा पट्टा होताच. पुढच्या काही वर्षांत रूळ बल्लारशापर्यंत नेले. माजरीहून वणीच्या बाजूला फाटा निघाला. एक खदान संपली, पण लाइन दुसऱ्या खदानींपर्यंत पोचली.

तिसरं कारण, ती रुंद होती. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलं होतं ते हेच. १९२९ मध्ये बल्लारशा ते काझीपेठ हा मधला तुकडा जोडला गेला आणि उत्तर हिंदुस्थानातून थेट मद्रासला जायचा रस्ता उघडला. आपला फाटा अरुंद असता तर त्या मोठ्या रस्त्यात तो बसलाच नसता. रुंद होता म्हणून कोळशाचा आडमार्ग दिल्ली-चेन्नईच्या हमरस्त्याचा भाग झाला. त्याच वर्षी ग्रँड ट्रंक एक्स्प्रेस सुरू झाली. आज तुम्ही हिंगणघाटच्या नाहीतर वरोऱ्याच्या फलाटावर उभ्या राहिलात तर तमिळनाडू, केरळ, दिल्ली, अशा कुठकुठल्या गाड्या धाडधाड जाताना दिसतात. आता सेवाग्राम ते बल्लारशा तिसरी लाइन टाकायचं कामही हाती घेतलेलं आहे.

आणि वरोरा गाव? तेही बसून राहिलं नाही. तालुक्याचं ठिकाण आणि बाजारपेठ म्हणून ते टिकलं. १९४९ मध्ये गावाजवळच्या खडकाळ माळावर बाबा आमटे आणि साधनाताईंनी आनंदवन सुरू केलं. समाजाने घराबाहेर काढलेल्या कुष्ठरुग्णांनी तिथे विहिरी खोदल्या, शेती केली, हातमाग चालवले. आज वरोरा म्हटलं की लोकांना कोळसा आठवत नाही, आनंदवन आठवतं.

ताईंच्या प्रश्नाचं उत्तर

सख्यांनो, आता डब्यांकडे येऊ. हे सगळं वाचून झाल्यावर आम्ही पुन्हा बैठक घेतली आणि त्या दोन गटांच्या वह्या मधे ठेवल्या. वरोऱ्याच्या लाइनीला लावले तेच तीन प्रश्न आपल्या कामाला लावले. तुम्हीही लावून बघा.

पहिला प्रश्न, आपल्या दहा रुपयांतले किती रुपये एकाच ठिकाणाहून येतात? आमचे सात येत होते. हा आकडा मोठ्याने वाचला तेव्हा कळलं की आपण खदानीच्या भरवशावर किती बसलो आहोत. आम्ही ठरवलं की दोन वर्षांत तो पाचावर आणायचा. खदानीचे डबे कमी करायचे नाहीत, दुसरी गिऱ्हाइकं वाढवायची. तालुक्याच्या वसतिगृहाशी एका गटाचं बोलणं सुरू आहे. दुसरा गट लग्नसराईत पोळ्यांचं काम घेऊन बघणार आहे.

दुसरा प्रश्न, गिऱ्हाईक गेलं तरी आपल्याकडे काय राहतं? वरोऱ्याला रूळ राहिले. आपल्याकडे पहाटे चारला उठून दोनशे माणसांचं वेळेवर जेवण करायची सवय राहते, मोठी भांडी राहतात, हिशेब ठेवणारी सखी राहते. पण ती टिकेल अशी करून ठेवावी लागते. आमच्या एका गटाने अन्न व्यवसायाची नोंदणी गटाच्या नावावर केली आहे. दुसऱ्या गटाची अजून झालेली नव्हती, त्यांचं काम डबे नेणाऱ्या मध्यस्थाच्या कागदावर चाललं होतं. मध्यस्थ उद्या आला नाही तर त्या गटाकडे दाखवायला एक कागद नाही. त्यांचा अर्ज आम्ही त्याच आठवड्यात भरला.

तिसरा प्रश्न, कागदावर नाव कोणाचं? खदान असो, रेल्वेची नवी लाइन असो, जमीन घेतली जाते तेव्हा मोबदला सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याला मिळतो. वावरात राबणारी बाई असते आणि सातबाऱ्यावर बहुतेक वेळा पुरुषच. मोबदल्याची नोटीस आल्यावर धावाधाव करून उपयोग नसतो. आधीच तलाठी कार्यालयातून सातबारा काढा, वाचा, वारस म्हणून तुमचं किंवा तुमच्या मुलीचं नाव राहून गेलं असेल तर अर्ज करा. विधवा सख्यांनी तर हे आजच बघावं. आमच्या ग्रामसंघातल्या अकरा जणींनी सातबारा काढला. त्यातल्या चौघींचं नाव लागायचं राहिलेलं निघालं.

शेवटी एक काम आम्ही स्वतःहून घेतलं आहे. खदानीच्या जुन्या वहीत बायांची नावं नव्हती. निदान आपल्या वहीत ती असू देत. गटाच्या इतिवृत्तात आता आम्ही 'महिलांनी काम केले' असं लिहित नाही. कोणी पीठ मळलं, कोणी डबे पोचवले, कोणी हिशेब केला, ते नावानिशी लिहितो. लिहायला दोन ओळी जास्त लागतात, एवढंच.

पुढच्या बैठकीत तुमच्या गटाची वही मधे ठेवा आणि पहिला प्रश्न विचारा, दहातले किती? जो आकडा येईल तो आम्हाला कळवा. पुढच्या वेळी या कार्यक्रमात आपण त्यावर बोलू. आणि तुमच्या गावाजवळून एखादी जुनी बंद पडलेली साइडिंग जात असेल, तर गावातल्या आजींना विचारा, इथून काय जायचं आणि ते भरायला कोण जायचं. जे सांगतील ते लिहून ठेवा.

ज्या ताईंनी प्रश्न विचारला होता त्यांनी या वेळी उठताना काही विचारलं नाही. त्या वसतिगृहाच्या गृहपालांना फोन लावत होत्या.